डी नदी, मार्चचा पहिला शनिवार: पाणी ३ अंश

दुसरा हंगाम, तिसरी खेप. ॲबर्डीनशायरच्या डीवर सालमनचा हंगाम १ फेब्रुवारीलाच उघडतो. रविवारी स्कॉटलंडमध्ये सालमनला गळ टाकायची कायद्यानेच बंदी, त्यामुळे माझ्यासारख्या नोकरदाराला शनिवार तेवढा उरतो. त्यातले दोन पुराने खाल्ले.

बँकरी गावाच्या खालचा बीट, म्हणजे मासेमारीसाठी आखून दिलेला नदीचा पट्टा. सकाळी आठला थर्मामीटर सोडला: पाणी ३ अंश, हवा उणे १. पाणी निवळशंख, उंची अगदी मनासारखी. गेल्या वर्षीचा मी असतो तर खूश झालो असतो. पण ५-६ अंशांच्या खाली सालमन बांध-धबधबे चढायला फारसा तयार नसतो, खालच्या डोहांत तळाशी सुस्त पडून राहतो. फ्लाय (गळाला बांधलेली नकली माशी) त्याच्या नाकासमोरून, तीही रमतगमत गेली पाहिजे. म्हणून बुडणारी लाईन, पितळी ट्यूबवर (छोट्या नळीवर) बांधलेली विली गन नावाची फ्लाय, आणि फेकल्यावर हात गप्प.

हात गप्प ठेवणं हेच मला जमत नाही.

वारा प्रवाहाच्या दिशेने होता, म्हणून डबल स्पे ही फेकीची पद्धत. पंधरा फुटी रॉडच्या रिंगांत दर चार-पाच फेकींनी बर्फ धरत होता. रॉडचं टोक पाण्यात बुडवायचं, बर्फ विरघळला की पुन्हा फेकायचं. अकरापर्यंत काहीच नाही. मग ऊन आलं आणि केर्नगॉर्म्स डोंगरांवरचा बर्फ वितळायला लागला. दुपारी पाणी चार इंच चढलं, हिरवट झालं आणि तापमान उलट अर्ध्या अंशाने उतरलं. या बर्फाच्या पाण्यावर इथले जुने लोक नाक मुरडतात. का, ते आता कळलं.

तरी अडीचला लाईन जड झाली. ओढ अशी नव्हती, ओलं पोतं अडकावं तसं. जवळ आल्यावर चांदी चमकली आणि छाती धडधडली. घिलीने (बीटवरच्या मदतनीस वाटाड्याने) जाळं लावलं, मासा पाण्यातच धरून कल्ला किंचित उचलला: आत तांदळाच्या कणीएवढे पांढरे परजीवी. "केल्ट," तो म्हणाला. म्हणजे शरद ऋतूत वर जाऊन अंडी घालून आता समुद्राकडे परतणारा. नीट पाहिल्यावर मलाही दिसलं: डोकं मोठं, पोट आत गेलेलं, शेपटीच्या कडा झिजलेल्या. नुकत्याच समुद्रातून आलेल्या स्प्रिंगरचं अंग गच्च भरलेलं असतं, आणि त्यावर लांब शेपटीच्या समुद्री उवा दिसल्या तर तो नदीत शिरून एक-दोन दिवसच झालेत असं समजायचं. विनाकाट्याचा हूक झटक्यात निघाला. तोंड प्रवाहाकडे करून धरला, दम आला तसा गेला.

स्प्रिंगर असता तरी सोडलाच असता. १ एप्रिलपूर्वी धरलेला सालमन सोडणं देशभर सक्तीचं आहे, आणि डीवर तर वर्षभर सोडतात. फोनवर आईला हे पटवणं अशक्य. "एवढ्या थंडीत दिवसभर पाण्यात उभा राहिलास आणि रिकाम्या हाताने आलास?" तिच्या लेखी सालमन म्हणजे रावस. रावस वेगळ्याच कुळातला, हे सांगायचं मी सोडून दिलंय.

पुढच्या शनिवारी पार्क इथल्या पाणीपातळी-मापकाचा आलेख सकाळी सपाट दिसला तरच निघणार. रात्री गोठून दुपारी चढणारा दातेरी आलेख असेल तर घरी बसून ट्यूब बांधेन.