घरघर

लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम, संगणकात पेन ड्राइव्हवरून टाकायचं असतं, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. पण आमच्या जुन्या छोट्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला की तो ओळखच दाखवत नाही. सीडी ड्राइव्ह तर त्याला जन्मापासूनच नाही. बायोसमधल्या, म्हणजे सुरुवातीच्या सेटिंगमधल्या, बूटच्या यादीत (कशावरून सुरू व्हायचं त्या) मात्र 'यूएसबी सीडी-रॉम' असं ठळक लिहिलेलं.

"मामा, नवा घ्या की!" इति भाचा. पण ज्या कोल्हापुरात कारखान्यांचं उद्यमनगर आहे, तिथं चालतं यंत्र भंगारात घालायला हात धजत नाही.

बाहेरून लावायचा ड्राइव्ह महाद्वार रोडवरच्या एका फोटोवाल्या मित्राकडं मिळाला. एके काळी त्यातून लग्नाच्या सीड्यांचे गठ्ठे निघायचे. "ने आणि ठेव तुझ्याकडंच," म्हणाला. कोरी सीडी मिळवणं त्याहून अवघड. राजारामपुरीतल्या दुकानदारानं वरच्या फळीवरून डबा काढला, फुंकर मारली आणि विचारलं, "गाणी भरायचीत व्हय?"

सीडीत जागा ७०० एमबी. उबुंटू हा लिनक्सचा नावाजलेला प्रकार एवढ्यात बसायचा तेव्हा त्याच्या सीड्या टपालानं घरपोच फुकट यायच्या. ती योजना २०११ साली बंद झाली, आणि २०१२च्या ऑक्टोबरमधल्या आवृत्तीपासून उबुंटू सीडीत मावेनासं झालं. म्हणून मी डॅम स्मॉल लिनक्स हा छोटेखानी प्रकार घेतला. पूर्वी ते ५० एमबीत बसायचं. २०२४ साली परत आलं ते ७०० एमबीची मर्यादा मुद्दाम पाळून, आणि ३२ बिटच्या म्हाताऱ्या प्रोसेसरलाही चालेल असं. अशी मर्यादा स्वतःवर घालून घेणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

ड्राइव्हच्या वायरीला यूएसबीची दोन टोकं. एकच लावलं तर तबकडी टक्‌टक् करते, फिरू बघते आणि गप्प होते. यूएसबी २च्या एका पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर मिळतात, आणि तबकडीला पहिली गिरकी घ्यायला त्याहून जास्त लागतात. दुसरं टोक खोचलं, की आधी कुरकुर, मग घरघर आणि वेग धरला की बारीक शीळ. लेथच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय का ते सांगणाऱ्या कारागिरासारखा मी कान देऊन बसतो. पेन ड्राइव्ह मुका. तो वाचतोय की मेलाय, काही कळत नाही. इथं लिनक्स आधी सीडीवरूनच चालतं, त्यामुळं आयकॉनवर क्लिक केलं की आधी आवाज येतो, खिडकी नंतर सावकाश उघडते. डिस्क मध्येच अडखळली तर तीच जागा पुन्हापुन्हा चाचपताना ऐकू येते, आणि मी उगाच टेबलावरचा हात काढून घेतो.

घाईच्या माणसानं याच्या वाटेला जाऊ नये. सीडीचा मूळ वेग सेकंदाला १५० केबी. ड्राइव्हवर '२४ एक्स', म्हणजे त्याच्या चोवीसपट, लिहिलेलं असलं तरी जुन्या भिंगाला ते रोज जमतंच असं नाही. इन्स्टॉल करताना हार्ड डिस्क पुसायची का, पासवर्ड काय, असले प्रश्न भराभर उरकतात. टाइम झोनच्या यादीत मात्र 'कोल' दिसताच छाती फुगते. पुढं 'काता' असतं.

शेवटी इन्स्टॉल झालं. लॅपटॉप सीडीविना सुरू झाला. ड्राइव्ह खोक्यात जाणार होता, तेवढ्यात भाच्यानं गल्लीत बातमी पोचवली. संध्याकाळी शेजारच्या काकू पदराआडून एक सीडी घेऊन आल्या. "आमच्या लग्नाची हाय. आता चालवायला कुणाकडं यंत्रच न्हाई. बघता का जरा?"

व्हीसीडीचं, म्हणजे असल्या व्हिडिओ सीडीचं, चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. एवढं त्या प्रोसेसरला सहज झेपलं. हळद झाली, अक्षता पडल्या, आणि नेमकं सासरच्या मंडळींचा मानपान सुरू झाला तिथं तबकडी अडकली.

"हितनं पुढं बघायचंच न्हाई," काकू म्हणाल्या. "वरात लावा."