तुम्ही विचारलंत म्हणून: असल्या माणसाचा सिनेमा का दाखवता?

"ताई, तो माणूस शिवराळ, बाहेरख्याली, समलिंगी माणसांना तोंडावर घालूनपाडून बोलणारा. त्याचा सिनेमा आम्हाला का बघायला लावता?" मी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशक आहे. नव्यानं या कामात येणाऱ्या मुलामुलींना 'डॅलस बायर्स क्लब' हा इंग्रजी सिनेमा बघायला सांगते आणि दर खेपेला कुणीतरी हे विचारतंच.

गोष्ट 1985ची, टेक्सासमधल्या डॅलसची. इलेक्ट्रिशियन रॉन वुडरूफला डॉक्टर सांगतात, एड्स आहे, तीस दिवस हातात आहेत. तो डॉक्टरांवरच उखडतो. मग मेक्सिकोतून, अमेरिकेत मंजुरी नसलेली औषधं आणायला लागतो, एकदा तर पाद्र्याच्या वेशात. ती विकणं गुन्हा, म्हणून महिना 400 डॉलर वर्गणीचा क्लब काढतो; पैसे वर्गणीचे, औषधं सभासदांना फुकट. दया म्हणून नव्हे, पैशासाठी.

मला तो तसाच हवा आहे. आपल्याकडे एचआयव्ही म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कुठून लागला?" नवऱ्याकडून लागलेली बाई असेल तर "बिचारी, तिचा काय दोष!" म्हणजे बाकीच्यांचा दोष आहे, हे आपण न बोलता ठरवून टाकलेलं असतं. वुडरूफला बिचारा म्हणताच येत नाही. तरीही त्याला औषध मिळालंच पाहिजे असं वाटतं, आणि तिथेच हा सिनेमा मला पटतो.

त्यातला सुपरमार्केटचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा बघते. रेयॉन ही त्याची ट्रान्स भागीदार सोबत असते. जुना मित्र भेटतो आणि तिच्याशी हात मिळवायला नकार देतो. रॉन त्याची मान काखेत आवळतो आणि हात मिळवायला लावतो. भाषण नाही, माफी नाही. (खऱ्या वुडरूफच्या ओळखीचे काही लोक म्हणतात, तो इतका द्वेष्टा नव्हताच, रेयॉन तर काल्पनिकच.)

एक गोष्ट मात्र मी बजावून सांगते. सिनेमात एझेडटी, म्हणजे एचआयव्हीवरचं पहिलं मंजूर औषध, खलनायक होतं. सुरुवातीचा डोस जबर होता, हे खरं. पण तेच औषध कमी डोसमध्ये, इतर औषधांच्या जोडीनं असंख्य लोकांना जगवून गेलं, आणि वुडरूफच्या भरवशाचं पेप्टाइड टी हे औषध गुणकारी असल्याचं कधी सिद्ध झालंच नाही. वुडरूफ 1992मध्ये गेला. तीन औषधांचा एकत्र उपचार त्यानंतर चार वर्षांनी रुळला, तोही वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे. 2001मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तो 350 डॉलरमध्ये देऊ केला. 1 एप्रिल 2004पासून सरकारी रुग्णालयांत तो फुकट मिळायला लागला, आपल्या जे. जे.मध्येही. त्यामुळे सिनेमा बघून कुणी "गोळ्या विषारी असतात" म्हणालं, तर मला राग येतो.

आमच्याकडे एक गृहस्थ यायचे. दारूचा वास, रांगेत भांडण, नर्सला अरेतुरे. बायकोला माहेरी हाकलून दिलेलं. खरं सांगते, मला ते अजिबात आवडायचे नाहीत. एकदा त्यांनी गोळ्यांची बाटली टेबलावर आपटली. मी झाकण उघडून त्या मोजल्या. चार उरायला हव्या होत्या, चारच होत्या. त्यांच्या औषधांची नोंद असलेल्या हिरव्या पुस्तकाची मागची पानं चाळली, तर दोन वर्षांत एक गोळी चुकलेली नव्हती.

मी पुस्तकात पुढची तारीख लिहिली. नवी बाटली खिशात कोंबून, खुर्ची ढकलून ते निघून गेले. पुढच्या महिन्यात ठरल्या दिवशी पुन्हा रांगेत, पुन्हा भांडत.