अळीला बीटीची सवय झाली का?

तालुक्याच्या गावी कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्यात हयात गेली. त्यामुळं लग्नाच्या पंगतीत काय आणि एसटीत काय, लोक गाठतात आणि दोनच प्रश्न विचारतात. पहिला म्हणजे, माणूस माकडापासून झाला तर आताची माकडं माणसं का होत नाहीत? याचं उत्तर मी उभ्या उभ्या देऊन टाकतो. आताची माकडं आपले पूर्वज नाहीत, आपली चुलत घराणी आहेत. त्यातल्या त्यात जवळचा चिंपांझी. त्याची आणि आपली वाट सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी फुटली. त्यानं आपल्यामागं यावं असं कुठं ठरलेलं नाही.

दुसरा प्रश्न कास्तकारांचा, आणि तो मला जास्त आवडतो. "सर, पहिले बीटी कपाशीला अळी लागतच नव्हती. आता हिरव्या बोंडाची कैरी फोडली की आत गुलाबी अळी. तिला सवय झाली का, का बियाण्यातच घोळ आहे?"

तुम्ही विचारलंत म्हणून बैजवार सांगतो. बोगस बियाणं असतं, नाही असं नाही. पण पावतीचं, नामांकित बियाणं लावलेल्यांच्या कैऱ्याही किडक्या निघतात, तेव्हा निव्वळ बियाण्यावर खापर फोडून भागत नाही. आणि सवय म्हणाल, तर अळीला कसलीच सवय झालेली नाही. एकाही अळीत बदल झाला नाही. तरी अळ्या बदलल्या. डार्विननं १८५९ साली जे मांडलं, ते हेच.

आधी अळी मरते कशी ते बघा. बीटी म्हणजे मातीतला एक जिवाणू. त्याचं एक जनुक कपाशीत घातलं, म्हणून झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. अळीनं ते खाल्लं की ते तिच्या आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक रेणूंना जाऊन चिकटतं, अस्तराला भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. त्या रेणूंपैकी एकाचं नाव कॅडहेरिन. आता लाखो अळ्यांत एखादी अशी असते की तिच्या कॅडहेरिनच्या जनुकातच बिघाड आहे. प्रथिनाला चिकटायला जागाच नाही, त्यामुळं बीटी तिच्या पोटातून नुसतं जातं.

हा बिघाड बीटीमुळं झालेला नाही. पिढी पुढं जाताना जनुकांची नक्कल होते आणि नकलेत चुका होतात. बीटी येण्याआधीपासून हे चालूच होतं. तेव्हा अशा अळीला त्याचा काडीचा फायदा नव्हता. पण शिवारभर बीटी लागलं आणि बाकीच्या मेल्या. उरलेल्यांनी उरलेल्यांशीच जोड्या जमवल्या, आणि पोरांना वारशात तोच बिघाड मिळाला. चाळणीनं दाणा मोठा होत नाही, बारीक दाणा खाली पडतो आणि वर मोठेच राहतात. इथं झालं ते एवढंच. आमची बीएस्सीची पोरं मात्र पेपरात "अळीने परिस्थितीनुसार स्वतःत बदल घडवून आणला" असं लिहीत, आणि वर मार्क का कापले म्हणून भांडायला येत.

साल लक्षात घ्या. देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. त्यामागच्या कंपन्यांपैकी महिको आपल्या जालन्याची. २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचं जाहीर झालं. म्हणजे दुसरं एकटं पडलं. २०१७ च्या हंगामात गुलाबी अळीनं आपल्याकडं मराठवाड्यात आणि विदर्भात काय केलं ते मी सांगायला नको. कित्येकांनी उभ्या कपाशीत जनावरं सोडली. पंधरा वर्षं थोडी वाटतात. पण या अळीच्या वर्षाला चारेक पिढ्या होतात, म्हणजे साठ पिढ्या झाल्या. माणसाच्या साठ पिढ्या मागं मोजत गेलात तर अजिंठ्याची लेणी कोरली जात होती त्या सुमाराला पोचाल.

आता यातली खरी गंमत. बीटी आलं ते मुख्यतः हिरव्या बोंडअळीसाठी. जुन्या लोकांना आठवत असेल, नव्वदच्या दशकात फवारून फवारून पंप झिजले, पण ती हटेना. तिच्यावर बीटी आजही बऱ्यापैकी चालतं. बीटीला दाद देईना ती गुलाबी. शेत एक, बियाणं एक, मग असं का?

तुरीच्या शेंगा पोखरते ती अळी तुम्ही पाहिलीय. हरभऱ्याच्या घाट्यात अर्धं अंग खुपसून अर्धं बाहेर ठेवते ती घाटेअळीही पाहिलीय. ही तीच, हिरवी बोंडअळी. तिला तूर चालते, हरभरा चालतो, टोमॅटो चालतो. तुरीवर वाढलेल्या तिच्या भाऊबंदांनी बीटी कधी चाखलेलंच नसतं, त्यामुळं त्यांच्यात साध्या, बीटीनं मरणाऱ्या अळ्याच भरपूर. त्यांचे पतंग कपाशीत वाचलेल्या एखाददुसऱ्याशी जोडी करतात. आणि हा बिघाड आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच बीटीपासून वाचवतो. एकीकडूनच आला, तर पोर बीटी खाऊन मरतं. त्यामुळं वाचलेल्यांचा वंश तिथंच अडतो.

गुलाबी अळीचं तसं नाही. कपाशी आणि भेंडीसारखी तिच्या भावकीतली थोडी झाडं सोडली तर तिला घर नाही. त्यात देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी. बीटी न चाखलेला जोडीदार तिनं आणायचा कुठून? शिवाय आपल्याकडं पाणी असलं की फरदड घ्यायची, फेब्रुवारी-मार्चपर्यंत कपाशी उभी, म्हणजे जास्तीच्या पिढ्यांची सोय. नंतर पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांची, गंजी बांधावर, तिच्यातल्या किडक्या बोंडांत अळी झोपलेली. जूनमध्ये ती ताजी होऊन निघते, आणि पुढं फुलाच्या पाकळ्या चिकटून डोमकळी दिसली की समजायचं, पाहुणी आली.

यावर तोडगा पाकिटातच होता. बीटीच्या थैलीसोबत १२० ग्रॅमची साध्या कपाशीची पुडी मिळायची. ती कडेनं पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्रात लावायची, म्हणजे साधे पतंग तयार राहतील. बहुतेकांनी ती पुडी बांधावर फेकली. लोक त्यावरून कास्तकाराला बोल लावतात, ते मला पटत नाही. दोन एकरवाल्याला तुम्ही सांगता की पाचवा हिस्सा अळीला खाऊ घाल, आणि तो का घालायचा ते सांगायला बांधावर कोणी येत नाही. अमेरिकेत ॲरिझोनात शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचे पट्टे राखले, नंतर प्रजननक्षमता घालवलेले पतंगही सोडले गेले, आणि २०१८ मध्ये त्या देशानं गुलाबी अळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. तिथं मोठमोठी शेतं आणि सगळ्यांनी मिळून राबवलेला कार्यक्रम होता, हेही ध्यानात घ्या.

एक हुशार माणूस मला म्हणाला, "पण सर, बीटी माणसानंच लावलं. मग ही नैसर्गिक निवड कशी?" प्रश्न चोख आहे. देवणी किंवा लाल कंधारी जातीची गाय-बैलं घ्या. आपल्या बापजाद्यांनी चांगला वळू राखला, बाकीचे खच्ची केले. कसं जनावर हवं ते त्यांच्या डोक्यात होतं. डार्विनलाही कबुतरं पाळणाऱ्यांच्या अशाच निवडीवरून बरंच सुचलं. बोंडअळीत मात्र निवडणारं कोणीच नाही. कंपनीला, सरकारला, तुम्हाला, सगळ्यांना नेमकं उलटं हवं होतं, तरी निवड झाली. वारशानं उतरणारे फरक आणि त्या फरकांनुसार जगणं-मरणं, एवढं असलं की ती होते. कोणाची इच्छा लागत नाही, अळीचीही नाही.

"अळीची अळीच राहिली ना पण? दुसरा प्राणी कुठं झाला?" असंही विचारतात. नाही झाला. साठ पिढ्यांत कोणता गुण किती अळ्यांत आहे हे प्रमाण बदललं, आणि उत्क्रांतीचं पहिलं पाऊल तेच. नवी जात व्हायला बहुधा याहून कितीतरी जास्त पिढ्या लागतात, आणि दोन गटांची आपसातली सोयरीक तुटावी लागते.

आता सगळ्यांचा शेवटचा सवाल, तिसरं जनुक घातलेलं बियाणं आलं की सुटलो ना? काही वर्षं सुटाल. पण तेही बांध ते बांध असंच लावलं आणि मार्चपर्यंत फरदड ठेवली, तर हिशेब हाच. तोवर डिसेंबरअखेर कपाशी काढा, पऱ्हाट्या साठवू नका, मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा वीस कैऱ्या फोडून दोनांत अळी निघाली, तर फवारणीला थांबू नका. आणि कैरी वरून बघून ठरवू नका, फोडूनच बघा. अळी आत शिरली की तिचं भोक बुजून जातं.