मिल्ट्री आप्पा आणि जिजी

स्मरणिकेसाठी लेख मागणारं पत्र आलं, त्यात ‘आवडत्या शिक्षकांविषयी लिहावे’ अशी सूचना होती. शिक्षकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले निम्मे माझ्याहून बरं लिहितात. मी शाळेच्या शिपायावर लिहितोय. शिपायावर म्हणजे खरं तर त्याच्या घरावर. संपादक मंडळाला कात्री लावायची असेल तर खुशाल लावा.

मी आठवीत गेलो ते १९७९ साल. त्याच जूनमध्ये मिल्ट्री आप्पा शाळेत लागले. आधीचे शिपाई पान खाऊन स्टुलावर डुलक्या काढायचे. आप्पा स्टुलावर बसलेले कुणाला दिसलेच नाहीत. तांब्यात निखारे टाकून स्वतः इस्त्री केलेला खाकी सदरा, वरचं बटण बंद, पायात पॉलिश केलेले बूट. २६ जानेवारीच्या आधी मैदानावर फक्कीच्या रेघा ते आखायचे आणि पीटीच्या सरांनी एकदा रेघ पुसली म्हणून त्यांनाही चार शब्द ऐकवायला कमी केलं नव्हतं.

त्यांचा डावा कान गेलेला होता. उशिरा येणाऱ्या पोरांनी हा शोध पहिल्याच आठवड्यात लावला. फाटकातून डाव्या अंगाने सटकायचं, आप्पांना पत्ताच लागत नाही. मग एके दिवशी आप्पा फाटकाच्या खांबाला डावा खांदा टेकवून उभे राहिले. त्या बाजूला आता नुसता खांब! आमची टोळी उजव्या कानाच्या तावडीत आयती सापडली आणि प्रार्थना संपेपर्यंत उन्हात सावधानमध्ये उभी राहिली.

खान्देश म्हणजे काही सातारा नव्हे. तिकडे अपशिंग्यासारखं अख्खं गाव ‘मिलिटरी’ नावाने ओळखलं जातं. आपल्याकडे आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ साली धरणगावला भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली, तो इतिहास सोडला तर घराघरांतून फौजेत जायची रीत नाही. आपला माणूस कापूस, भुईमूग आणि मार्केटचा भाव यातच रमलेला. त्यामुळे १९६२ च्या चीनच्या लढाईनंतर भरती निघाली आणि १९६३ मध्ये आप्पा बेळगावला गेले, तेव्हा गल्लीने त्यांना मेल्यातच जमा धरलं होतं. घरी बायको आणि वर्षाची मुलगी. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे १७६८ सालच्या जंगी पलटणीत, त्यांची पंधरा वर्षं गेली. ते १९७८ ला पेन्शनीत आले.

आम्ही दहावीत असताना इतिहासाच्या सरांनी एका डिसेंबरात त्यांना वर्गात बोलावलं. १९७१ ची लढाई सांगा म्हणाले. आप्पा फळ्याजवळ सावधानमध्येच उभे राहिले. अहिराणी, मराठी आणि फौजी हिंदी अशी तिन्हींची भेळ करून त्यांनी जमालपूर सांगितलं. आताच्या बांगलादेशातलं, ब्रह्मपुत्रेच्या काठचं गाव, आत पाकिस्तानची ३१ बलूच पलटण पक्क्या मोर्चांमध्ये बसलेली. आपली पलटण रात्री नदी ओलांडून त्यांच्या पाठीमागे, ढाक्याच्या रस्त्यावर जाऊन बसली. ९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियरने शरण या म्हणून पत्र धाडलं. पलीकडच्या कर्नलने उत्तरात पत्रासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. वर्गात कुणीतरी ‘अरे बाप रे’ म्हणालं. आप्पा थांबले आणि म्हणाले, “गोळी सोडा. पत्र कोन लई गया व्हता ते इचारा. तठला मुक्तिवाहिनीना गडी. मना हातमा बंदूक व्हती, मांगे पलटण व्हती. त्या गडीजोडे काय व्हतं? एक पांढरं फडकं.”

१० तारखेच्या रात्री ती पलटण वेढा फोडून निघाली ती थेट मराठ्यांच्या अंगावर आली. पहाटेपर्यंत दोनशेच्या वर माणसं त्यांची पडली. उरलेल्यांनी सकाळी जमालपुरात हत्यारं खाली ठेवली. आप्पांचा कान त्याच रात्रीचा, शेजारच्या आर.सी.एल. (रिकॉइललेस) तोफेचा. सरांना आता १६ डिसेंबर आणि ढाक्याची शरणागती हवी होती. आप्पा तिथवर गेलेच नाहीत. ते सकाळवरच अडले. मुडदे पुरायच्या कामावर त्यांची तुकडी होती. मेलेल्यांच्या खिशांतून पत्रं निघायची. उर्दू वाचता येत नव्हतं. “पन घरनं पत्र शे, हाई कळे,” म्हणाले. “आपला खिसामा बी तेच राहे ना.” एवढं बोलून कडक सॅल्यूट ठोकून निघून गेले. सरांनी उरलेला तास ‘प्रश्न १ ला : थोडक्यात उत्तरे लिहा’मध्ये घालवला.

आप्पांचा मधला मुलगा माझ्या वर्गात, त्यामुळे घरी जाणं-येणं होतं. फौजेतली काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. मी पहिल्यांदा ती उघडताना पाहिली तेव्हा छाती धडधडत होती. आतून निघाल्या बिबड्या. जिजीने, म्हणजे आप्पांच्या बायकोने, उन्हाळ्यातल्या सगळ्या बिबड्या-कुरडया त्यात भरून ठेवल्या होत्या, उंदीर शिरत नाही म्हणून. पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल ही दोन्ही पदकं सुईदोऱ्याच्या डब्यात होती. मी लढाईचं वर्गात ऐकलेलं मोठ्या तोंडाने जिजीला सांगायला लागलो. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “त्यासनी लढाई तेरा रोजनी. मनी पंधरा वरीसनी.”

ही दुसरी लढाई कुणी वर्गात सांगायला बोलावली नाही, म्हणून इथे लिहितो. आप्पांची मनीऑर्डर सासऱ्यांच्या नावाने यायची. सासऱ्यांवर सावकाराचं देणं. पैसा ओट्यावरून आत येण्याआधीच वाटेला लागायचा. १९७२ ला पाऊस दडी मारून बसला तेव्हा जिजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. लाल मिलो ज्वारीची भाकरी, पोरांना सुकडी, दिवसभर हातोडा. पुढच्या उन्हाळ्यात आप्पा सुट्टीवर आले. अमळनेर स्टेशनला उतरून एस.टी.ने गावात पोहोचले, तर वेशीवर ताशा आणि हार. बातमी घेऊन पोरगा खडीवर धावत गेला. मुकादम म्हणाला, ढीग मोजून झाल्याशिवाय गेलीस तर आजचा रोज गेला. जिजीने ढीग पुरा केला, मोजून घेतला, मग घरी आली. “हार त्यासना गयामा, नि मना हात सुजेल,” हे ती हसत हसत सांगायची. आप्पा जवळ असले की उठून बैलाला पाणी दाखवायला जायचे.

त्या वर्षाची खरी किंमत मात्र आक्काने मोजली. आक्का म्हणजे थोरली. जून १९७२ ला आपल्याच शाळेत पाचवीत तिचं नाव घातलं होतं आणि दिवाळीआधीच काढलं, कारण दोन धाकट्या भावांना सांभाळायला घरी कुणी नव्हतं. आप्पा शाळेत लागल्यावर रोज वर्ग झाडताना त्यांच्या डोक्यात काय चालायचं ते त्यांनाच ठाऊक. पण एक दिवस ते हेडमास्तरांच्या केबिनमध्ये गेले आणि आक्कासाठी सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा, फॉर्म मागितला. १९८२ च्या मार्चमध्ये आमच्या बॅचबरोबर विशीतली आक्का लुगड्यात दहावीला बसली, मैदानाकडच्या खिडकीपाशी. गावातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले होते. पेपर चालू असताना पाण्याची बादली घेऊन आप्पा सगळ्या रांगांतून फिरले, पण तिच्या रांगेत तांब्या दुसऱ्या शिपायाकडे दिला. नियम म्हणजे नियम. गणितात आक्का गेली. ऑक्टोबरला सुटली. पुढे अंगणवाडीत लागली आणि गावातली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेली. मधला वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागला. धाकट्याला फौजेत जायचं होतं, जिजीने साफ नकार दिला. त्यावर घरात वाद झाला नाही. तो शेती बघतो.

आप्पा २००९ मध्ये गेले. मी तोवर बँकेत होतो, पेन्शनचं काउंटर माझ्याकडे, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर झालं. फॅमिली पेन्शनचा कागद अडला. लष्कराच्या दप्तरात जिजीचं माहेरचं नाव. लग्नात नवं नाव ठेवलेलं, ते रेशनकार्डावर. दोन नावं म्हणजे दोन बायका, असा एका कार्यालयातल्या कारकुनाचा हिशेब. प्रतिज्ञापत्र झालं, तलाठ्याचा दाखला झाला, तरी जुना सरकारी पुरावा आणा म्हणाले. नवऱ्याची वाट पाहत पंधरा वर्षं काढलेल्या बाईला ती त्याची बायको असल्याचा पुरावा मागायचा, याची चीड मला अजूनही आहे.

पुरावा सापडला तो शाळेत. आक्काचा दाखला काढायला म्हणून जुनं जनरल रजिस्टर उघडलं. जून १९७२, पाचवी. वडील लष्करात म्हणून पालकाच्या रकान्यात जिजीचं नाव, नातं ‘आई’, आणि त्या वेळच्या कोण्या दक्ष लेखनिकाने सासरच्या नावापुढे ‘ऊर्फ’ घालून माहेरचंही नाव लिहिलेलं. शेजारी अंगठा. कारकुनी अक्षर इतकं सुरेख की झेरॉक्समध्येही एक काना हलला नव्हता. हेडमास्तरांनी उतारा दिला, जळगावच्या सैनिक कल्याण कार्यालयातून कागद पुढे गेले आणि थकबाकीसह पेन्शन सुरू झाली. पहिल्या पैशातून जिजीने स्वयंपाकघराला फरशी बसवून घेतली. शाळेचे जुने दप्तर निर्लेखित करून रद्दीत काढायचा विचार चालू आहे असं ऐकतो. चालक मंडळाने माझा हा लेख तेवढ्यासाठी तरी वाचावा.

जिजी आता ऐंशीला आली, आक्काकडे असते. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी ती बँकेत येऊन बसायची. मग अंगठ्याचं मशीन आलं आणि जिजीचा अंगठा काही केल्या उमटेना. खडी आणि विळ्याने बोटांवरच्या रेषाच घासून नेल्या होत्या. मशीन पुसून पाहिलं, बोटाला तेल लावून पाहिलं, नाही म्हणजे नाही. आता मोबाइलवर चेहरा दाखवायची सोय झाली आहे. गेल्या खेपेला मी घरी जाऊन फोन तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, जिजी, फोनकडे बघून डोळे मिचकावा.

जिजीने आक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, “आते ह्या वयमा तुले डोया मारू का रे मी?”

दाखला तिसऱ्या खेपेला निघाला, कारण पहिल्या दोन वेळा फोन धरणाऱ्याचाच हात हसून हलत होता.