ओव्हरड्राफ्टला हप्ता नसतो

बँकेत माझ्याकडे तपासायला आलेली गृहकर्जाची फाइल वरून सुरेख होती. छपाईची जॉबवर्क करणारी पार्टी, रिटर्न वेळेवर, सिबिल साडेसातशेच्या वर, कुठेही एका दिवसाचाही उशीर नाही. फ्लॅट ८० लाखांचा, गृहकर्ज हवं ६० लाखांचं. कर वजा जाता नफा अधिक घसारा, वर्षाला १५ लाख. म्हणजे महिन्याला सव्वा लाख, त्यातला निम्मा, ६२,५०० रुपये, हप्त्यासाठी धरायचा. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी लाखामागे ८६८ रुपये हप्ता बसतो, तेव्हा ६० लाखांना ५२ हजार. आरामात बसत होतं. विक्रीच्या लोकांनी वर ‘क्लीन केस’ असा शेराही मारून ठेवला होता. असा शेरा दिसला की मी आधी खात्यांचे उतारे काढतो.

पार्टीचा आमच्याकडेच २५ लाखांचा ओव्हरड्राफ्ट (ओडी) आहे, म्हणजे लिमिटपर्यंत हवे तेव्हा उचलायचे आणि जमतील तसे भरायचे असं कर्ज. तारण दुकानाचा गाळा, व्याज ११ टक्के. गाळा तारण असल्यामुळे दरमहा स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि येण्यांचा तक्ता, घ्यायची तसदी शाखेने कधी घेतली नव्हती.

ओडीचा उतारा वाचताना जमा-नावेच्या रकान्यांत अडकायचं नाही. शेवटचा रकाना बघायचा, रोजची शिल्लक. वर्षभरात नावे शिल्लक, म्हणजे बँकेचं देणं, कमीत कमी किती झाली, एवढा एकच आकडा शोधायचा. धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठी घेतलेली ओडी वरखाली होत राहते: कागद, शाई भरताना वर जाते, बिलांचे पैसे आले की उतरते. इथे वर्षातला नीचांक होता २३ लाख ४० हजार. महिन्याला नऊएक लाख जमा होत आणि आठवड्याभरात तेवढेच बाहेर जात.

महिनाअखेर तर बघण्यासारखी. ३० तारखेला शिल्लक २४ लाख ८५ हजार नावे. रोजच्या शिलकीवरचं महिन्याचं व्याज साडेबावीस हजार, ते त्या रात्री खात्याला पडलं की खातं लिमिटच्या साडेसात हजार वर. मग कुणा गिऱ्हाइकाचा चेक वटला की पुन्हा आत. दर महिन्याला हेच. नियमाने यात काही वावगं नाही. सलग ९० दिवस लिमिटच्या वर राहिलं किंवा ९० दिवसांतल्या जमा रकमेतून व्याजही फिटलं नाही, तर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. ३० दिवस उलटले की एसएमए-१, म्हणजे त्याआधीचा धोक्याचा शेरा. ही पार्टी आठ-नऊ दिवसांत आत यायची, म्हणून सगळ्या चाळण्यांतून सुटायची. सिबिलच्या अहवालातही ‘थकीत दिवस’ शून्यच दिसतात. वापर मात्र ९९ टक्के दिसतो, पण तो आकडा वाचायचे कष्ट कोण घेतं! स्कोअर बघून पान उलटतात. पूर्वी काही जण महिनाअखेरीला कुणाचे तरी पैसे दोन दिवस खात्यात फिरवून वापर कमी दाखवायचे. १ जानेवारी २०२५ पासून सिबिलसारख्या संस्थांकडे माहिती १५ तारखेला आणि महिनाअखेरीला अशी दोनदा जाऊ लागली, त्यामुळे ती युक्तीही महाग पडू लागली.

मग खरी गरज काढली. माल ६ लाख, ९० दिवसांच्या आतली येणी १४ लाख, देणी ३ लाख. निव्वळ १७. त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे पार्टीचा स्वतःचा वाटा, सोडलं की पावणेतेरा. म्हणजे १३ लाखांची ओडी पुरे. वरचे १२ लाख धंद्यात फिरतच नव्हते, कुठेतरी रुतून बसले होते.

त्यातले ८ कुठे, ते बिल्डरच्या पावतीवर सापडलं. बुकिंगचे ८ लाख आरटीजीएसने, पार्टीच्या बचत खात्यातून. बचत खात्यात ते आदल्याच दिवशी आलेले, फर्मच्या खात्यातून, ‘उचल’ या नावाखाली. आणि फर्मचं खातं म्हणजे हीच ओडी. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी शाखेने गेल्या वर्षीच्या मार्चचं टार्गेट भरायला लिमिट १७ चं २५ करून दिलेलं. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. ६० आणि हे ८ मिळून ६८ लाख, ८५ टक्के. स्वतःचं मार्जिन म्हणून दाखवलेले पैसेही आमचेच होते.

एजंटाने पार्टीला सांगितलं होतं, ‘ओव्हरड्राफ्टला हप्ता नसतो, तो धरत नाहीत.’ चीड याची येते की त्याचं म्हणणं खोटं नाही. ओडीचं व्याज नफा-तोट्यातून आधीच वजा झालेलं असतं. ते पुन्हा धरलं तर दुप्पट होतं, म्हणून धरत नाहीत. मुद्दल फेडायचं तर कुठल्याच कागदावर नसतं.

माझा प्रस्ताव असा होता: रुतलेले १२ लाख खेळत्या भांडवलाच्या मुदत कर्जात काढायचे, ३६ महिन्यांत फेडायचे, ओडी १३ वर आणायची. हप्ता ३९,३०० येतो. त्यातलं ११ हजार व्याज नफ्यातून गेलेलंच आहे, तेव्हा नवा बोजा २८,३००. साडेबासष्टमधून तो काढला की उरतात ३४,२००. गृहकर्ज ३९ लाख.

पार्टीला समोर बसवून हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “साहेब, कर्ज तेवढंच, व्याज तेवढंच. नुसतं नाव बदललं तर माझे २१ लाख कमी?”

याला देण्यासारखं पटेल असं उत्तर माझ्याजवळ अजून नाही. जो माणूस मुद्दल फेडायला तयार होतो त्याची पात्रता आमच्या तक्त्यात घसरते, आणि जो वर्षानुवर्षं नुसतं व्याज भरतो त्याची शाबूत राहते. एवढं मात्र त्यांना सांगितलं, की हेच दोन-तीन वर्षं आधी केलं असतं तर आज हप्ता संपत आला असता आणि पात्रता पूर्ण मिळाली असती. घर घ्यायचं डोक्यात असेल त्याने निदान वर्षभर आधी ओडी उतरवायला लागावं, दोन महिन्यांच्या व्याजाइतकी जागा लिमिटखाली मोकळी ठेवावी, आणि बुकिंगचा पैसा ओडीच्या वाटेने तर अजिबात आणू नये. तो माग कुणीही दहा मिनिटांत काढतो.

कुणीही, म्हणजे ज्याला काढायचा आहे तो. एका गृहवित्त कंपनीने त्यांना ६० लाख दिले. आम्हाला कळलं ते खात्यावर हप्त्याचा मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप वळता करायची परवानगी, नोंदला गेला तेव्हा. मँडेट आहे ओडी खात्यावरच, ५ तारखेचा. व्याज पडून खातं लिमिटच्या वर असतं, नेमक्या त्या दिवसांतला.

आता ओडीचं नूतनीकरण आलं आहे. मी दरमहा ३३,३३३ रुपयांनी उतरणारी ड्रॉपलाइन लिमिट सुचवली आहे, ३६ महिन्यांत २५ वरून १३ वर येणारी. शाखेचा प्रस्ताव ३० लाखांचा आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, ‘लिमिटचा पूर्ण वापर, व्यवहार समाधानकारक.’