मोद्रुशच्या ओसाड गडावर

क्रोएशियातील वेलिका कापेला डोंगराच्या पायथ्याशी वसलेले मोद्रुश गाव आज पाहिले. रस्त्याकडेची मोजकी घरे आणि वर झाडीत बुडालेल्या तर्झान किल्ल्याच्या भिंती एवढेच नजरेस पडत असल्याने, हे एके काळी फ्रांकोपान सरदारांचे ठाणे होते यावर पटकन विश्वास बसत नाही. ११९३ साली हंगेरी-क्रोएशियाचा राजा तिसरा बेला याने याच घराण्यातल्या, क्र्क बेटावरच्या बार्तोलला मोद्रुशचा परगणा दिला आणि समुद्राकाठचे हे घराणे डोंगरात शिरले. आपण रोमच्या फ्रांजिपानी या सरदार घराण्याचे वंशज आहोत, हा त्यांचा दावा मात्र बराच नंतरचा. मला तो हौसेचाच वाटतो.

गड चढताना मनात घोळत होता तो १४८६ चा ‘उर्बार’. बेर्नार्दिन फ्रांकोपानच्या काळात क्रोएशियन भाषेत आणि ग्लागोलिती या जुन्या स्लाव्ह लिपीत लिहिलेला हा दस्त म्हणजे कुळांनी मालकाला काय काय द्यायचे, याची नोंदवही. सात वर्षांतच, १४९३ मध्ये, ऑटोमन फौजेने गडाखालची वस्ती जाळली आणि ९ सप्टेंबरला क्रबावाच्या मैदानावर क्रोएशियन सरदारांची अक्षरशः कत्तल झाली. बेर्नार्दिन वाचला, पण १४६० पासून येथे असलेले बिशपचे पीठ किनाऱ्यावरच्या नोवीला गेले आणि घराण्याचा नवा गड ओगुलिनला उभा राहिला.

एका भिंतीवर हात टेकला, तेव्हा चुन्याचा भुगा तळव्याला चिकटला. तो झटकायचे उतरेपर्यंत सुचले नाही.