कोल्ड स्टोरेजची धोक्याची सूचना आणि न वाजलेला मोबाईल

देवगडला माझ्या मेहुण्याचे मासळीचे छोटे कोल्ड स्टोरेज आहे. 31 जुलैला मासेमारीबंदी संपली की त्यात सुरमई, पापलेट आणि कोळंबी भरू लागते, आणि नेमके त्याच दिवसांत पावसापायी रात्रीबेरात्री वीजही जाते. खोलीचे तापमान उणे 18 अंशांच्या आसपास राहायला हवे. ते चढू लागताच मेहुण्याचा मोबाईल वाजेल अशी सोय करून देण्याचे मी मोठ्या तोऱ्यात कबूल केले. तापमापक बसवणे, त्याचे आकडे सर्व्हरवर आणणे आणि एक साधे अ‍ॅप तयार करणे ही कामे चार संध्याकाळींत उरकली. उरला होता तो इतकाच प्रश्न की नोटिफिकेशन कोणत्या सेवेमार्फत पाठवायचे. त्या एका प्रश्नाने जवळजवळ महिना खाल्ला.

मी चार वाटा निवडल्या: गुगलची फायरबेस क्लाउड मेसेजिंग, म्हणजे एफसीएम, थेट वापरणे, पुशओव्हर ही सूचना पोहोचवणारी तयार सेवा, स्वतःच्या सर्व्हरवर चालवलेले एनटीएफवाय हे सूचना पाठवणारे सॉफ्टवेअर, आणि आकर्षक डॅशबोर्ड देणारी एक सशुल्क कंपनी. प्रत्येक संदेशात पाठवल्याची वेळ घालायची, मोबाईलने मिळाल्याची वेळ नोंदवायची आणि वजाबाकी करायची, अशी पद्धत ठरवली. पहिल्याच दिवशी काही संदेश पाठवण्याआधीच पोहोचल्याचे दिसले, कारण सर्व्हरचे घड्याळ काही सेकंद पुढे होते. दोन्ही घड्याळे जुळवल्याशिवाय अशी तुलना करू नये.

घड्याळे जुळल्यावर चारही सेवा एक-दोन सेकंदांच्या आत पोहोचू लागल्या आणि मला त्यांच्यात क्रम लावता येईना. थोडा विचार केला असता तर हे आधीच कळले असते. अँड्रॉइडवरच्या बहुतेक सेवांचा शेवटचा टप्पा एफसीएमचाच असतो आणि आयफोनवर अ‍ॅपलच्या एपीएनएस या नोटिफिकेशन-सेवेला पर्याय नाही. मधली कंपनी फक्त आपला संदेश त्यांच्या दारात नेऊन ठेवते. अँड्रॉइडवर स्वतःची जोडणी सतत उघडी ठेवण्याची सोय असलेले एनटीएफवाय तेवढे वेगळे, पण स्वतःच्या सर्व्हरवरून आयफोनला झटपट जागे करायचे तर त्यालाही एनटीएफवायच्याच मुख्य सर्व्हरचा आधार घ्यावा लागतो.

डॅशबोर्डच्या मोहाने मी त्या सशुल्क कंपनीची सेवा घेतली. तिसऱ्याच रात्री वीज गेली, तापमान उणे नऊपर्यंत चढले, आणि सकाळी मेहुणा फोनवर म्हणाला, "भावोजी, मोबाईल वाजलोच नाय." डॅशबोर्डवर मात्र त्या संदेशापुढे हिरवी खूण आणि ‘डिलिव्हर्ड’ हा शब्द होता. मी मदतकक्षाकडे तक्रार नोंदवली. पहिले उत्तर दोन दिवसांनी आले: संदेश पोहोचला आहे. मी मोबाईलची नोंद पाठवली. दुसऱ्या उत्तरात इंटरनेट तपासण्याचा सल्ला होता. तिसऱ्या वेळी त्यांनी अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला सांगितले, आणि चौथ्या वेळी काहीही न विचारता तक्रार ‘निकाली’ काढली. ती पुन्हा उघडायला नवा फॉर्म, नव्या फॉर्मला नवा क्रमांक, आणि नव्या क्रमांकावर पहिल्यापासून तेच प्रश्न! अकराव्या दिवशी एका शहाण्या माणसाने एका ओळीत लिहिले की ‘डिलिव्हर्ड’ म्हणजे गुगलने संदेश स्वीकारला. मोबाईलने स्वीकारला की नाही, हे त्या हिरव्या खुणेला ठाऊकच नव्हते. पोस्टाच्या पेटीत टाकलेले पत्र घरी पोहोचले असे समजण्यासारखेच हे होते, आणि त्याचे मी पैसे मोजत होतो.

तरीही मोबाईल का वाजला नाही, हे कोडे उरलेच. माझ्या टेबलावर तोच संदेश हमखास वाजत होता, आणि त्यातच माझी चूक दडलेली होती: चाचणीचा मोबाईल केबलने संगणकाला जोडलेला, म्हणजे सतत चार्ज होत असलेला. अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून, चार्जिंगला नसलेला आणि स्क्रीन बंद करून निश्चल ठेवलेला मोबाईल डोझ नावाच्या झोपेत जातो, आणि साध्या प्राधान्याचे संदेश तो अधूनमधून जागा होईल तेव्हाच पोहोचतात. उच्च प्राधान्य दिले की एफसीएम मोबाईलला लगेच उठवते. पण दिसणारे नोटिफिकेशन न देता ही सवलत वापरत राहिल्यास ते प्राधान्य उतरवलेही जाते. मी प्राधान्य बदलले, केबल काढून मोबाईल रात्रभर उशाशी ठेवला, आणि माझ्याकडे सगळे सुरळीत झाले. मेहुण्याचा मोबाईल पुन्हा गप्प.

शेवटी मी मुक्कामालाच गेलो. जेवण झाल्यावर मेहुणा खाटेवर टेकला, मोबाईल हातात घेतला आणि उघडी असलेली सगळी अ‍ॅप्स अंगठ्याने एकेक करून वर भिरकावू लागला. बॅटरी वाचावी म्हणून तो हे रोज झोपण्यापूर्वी करत असे. त्याच्या मोबाईलची बॅटरी-बचत इतकी कडक होती की असे भिरकावलेले अ‍ॅप सक्तीने थांबवले जाई, आणि सक्तीने थांबवलेल्या अ‍ॅपला, ते पुन्हा हाताने उघडेपर्यंत, एफसीएमचा संदेश मिळतच नाही. सेटिंगमध्ये अ‍ॅपला आपोआप सुरू होण्याची परवानगी दिली, बॅटरीचे निर्बंध काढले, ते भिरकावले जाऊ नये म्हणून उघड्या अ‍ॅप्सच्या यादीत त्याला कुलूप लावले, आणि मेहुण्याला दरडावले. पाच मिनिटांचे काम!

सशुल्क सेवा मी त्याच रात्री बंद केली. आता एफसीएम थेट वापरतो आणि जोडीला पुशओव्हरचे आणीबाणीचे प्राधान्य ठेवले आहे, ज्यात कोणी ‘पाहिले’ असे नोंदवेपर्यंत सूचना ठरावीक अंतराने पुन्हा वाजते. हे अंतर कमीत कमी 30 सेकंदांचे आणि एकूण मुदत जास्तीत जास्त तीन तासांची ठेवता येते. मुदतीवरून आठवले: एफसीएममध्ये संदेशाची मुदत दिली नाही तर तो चार आठवडे पडून राहू शकतो, आणि होडीवरून रेंजमध्ये परतलेल्या माणसाला कालची धोक्याची सूचना आज मिळते. मी ती दहा मिनिटांवर आणली आहे आणि तापमान उतरेपर्यंत सूचना नव्याने पाठवतो. एफसीएमसाठी जुन्या लेखांतला ‘सर्व्हर की’चा, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या गुप्त किल्लीचा, कोड उतरवून घेऊ नये, ती जुनी पद्धत जुलै 2024 पासून बंद करण्यात आली. अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागावी लागते, आणि ती घाईत नाकारली असेल तर वरची सगळी खटपट फुकट जाते.

सर्वांत आधी सांगायला हवी होती ती गोष्ट आता आठवते आहे. वीज गेली की राउटरही बंद पडतो, म्हणजे ज्या घटनेची सूचना द्यायची तीच घटना सूचनेचा मार्ग तोडते. तापमापक आणि राउटर या दोघांना मी वेगळी बॅटरी दिली आहे, शिवाय सिमकार्डचे एक स्वस्त यंत्र बसवले आहे, जे तीन मिनिटांत कोणी सूचना न पाहिल्यास मेहुण्याला सरळ फोन लावते. मोबाईलचे डेटा नेटवर्क रुसले तरी पावसात फोन बहुधा लागतो. गेल्या पौर्णिमेच्या आसपास पहाटे तो लागला, आणि जनरेटर सुरू झाला तेव्हा खोलीचे तापमान उणे 15 होते.